निजल्याशिवाय खाट सुटत नाही

मोरझिरीचा हिलाल याकोब सोनवणे खाटा विणतो. दोंडाईच्याहून तापीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव. बस थांबते तिथं एक चहाची टपरी आणि एक बाभूळ, बाकी गाव आत. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जेवढ्या म्हणून दोरीच्या खाटा अजून शिल्लक आहेत, त्यातल्या बहुतेक त्याच्या हाताखालून गेलेल्या. वय बासष्ट. अंगानं काटक, पण बोटं जाड. सुंभ ओढून ओढून तळहाताला असे घट्टे पडलेत की चुलीबाहेर घरंगळलेला निखारा तो चिमट्यावाचून आत टाकतो. इस्तेरबाई, म्हणजे त्याची बायको, रोज ओरडते आणि तो रोज टाकतो.

त्याची एक रीत आहे. खाट विणून झाली की तो हातपाय धुतो, पायथ्याची ताणायची दोरी थोडी सैल सोडतो, आणि घरमालकाच्या अंगणात, भर दुपारी, त्याच खाटेवर निजतो. नुसता पडत नाही, निजतो. घोरेपर्यंत. जाग आली की उठतो, खाटेच्या पोटाकडे एकवार बघतो, पायथ्याला पाय लावून दोरी ताणतो, गाठ मारतो आणि म्हणतो, "लई जा आते. पास झायी."

नवीन गिऱ्हाईक हसायचं. "आबा, काम झायं का झोप बी काढी लेतस तुम्ही!"

मग आबा समजावून सांगायचा. "देख भाऊ. जागा मानूस खाटवर पडस ना, तो अर्धं वजन खाटले देस, अर्धं आपलाजोडे धरी ठेवस. निजना का बठ्ठं देई टाकस. जवलोंग बठ्ठं वजन पडत नही, तवलोंग दोरी खरं बोलत नही."

ही विद्या बापाची. याकोबबुवा खाटा विणायचा आणि चर्चच्या मंडळीत पंच होता. मोरझिरीत सहा घरं ख्रिस्ती, आजोबाच्या काळापासून. याकोबबुवाला वाचता जेमतेम यायचं, पण त्याचं स्वतःचं असं एक शास्त्र होतं. तो म्हणायचा, निजणं म्हणजे प्रार्थनाच आहे, फक्त तोंड हलवायचं नाही. दिवसभर आपण आपलं ओझं आपण धरून बसतो. निजलो की देवाला देऊन टाकतो, सगळं, चपलांसकट.

तरुणपणी हिलालला हे बापाचं येडेपण वाटायचं. घाईत एकदा चिंधा गवळ्याच्या म्हातारीची खाट त्यानं न निजता देऊन टाकली. आठ दिवसांत खाटेला असा झोळ पडला की म्हातारी आत बसली ती वरच येईना. दोघा नातवांनी तिला विहिरीतून बादली ओढावी तशी काढली. म्हातारीनं हिलालच्या सात पिढ्यांना जागं केलं. याकोबबुवानं पोराला तिथं नेलं. नुसता त्या खाटेकडे हात केला. हिलालनं ती पुन्हा उसवली, पुन्हा विणली, आणि म्हातारीच्या शिव्या ऐकत तिच्यावरच निजला. तेव्हापासून चाळीस वर्षं नेम मोडला नाही.

आणि झोप तरी कशी! बसमध्ये उभ्यानं निजायचा. लग्नाच्या पंगतीत भात वाढणारा येईपर्यंत एक डुलकी व्हायची. चर्चमध्ये तर दुसरं गीत संपलं की त्याची मान उजवीकडे पडायची ती आशीर्वादापर्यंत. इस्तेरबाई आधी चिमटे काढायची, मग तिनं त्याला खांबाशेजारी बसवायला सुरुवात केली, म्हणजे मान कुठंतरी टेकेल तरी. पाळक शांतवन नवीन आले तेव्हा त्यांना वाईट वाटलं. आपलं वचन लोकांना रुचत नाही की काय! इस्तेरबाईनंच त्यांची समजूत घातली. "साहेब, वाईट मानू नका. याहून मोठ्या पाळकांपुढंही हे निजलेत."

असा माणूस. आणि त्याची झोप गेली.

चोरली कोणी म्हणाल, तर पोटच्या पोरीनं. रिबेका सुरतेला नर्स. नाताळाला घरी आली, तशी बापासाठी मनगटावरचं घड्याळ घेऊन आली. काळं, चौकोनी, काचेवर बोट लावलं की उजळणारं.

"आबा, हाई रातले बी हातमाच ठेवा. तुमनी झोप कशी शे, ते सांगी."

"मानी झोप कशी शे, ते माले माहीत नही का?"

"नही ना. तुम्ही त्या टायमे निजेल राहतस."

 आबानं घड्याळ बांधलं.

सकाळी काचेवर आकडा आला. अठ्ठावन्न. शंभरपैकी. खाली बारीक अक्षरात होतं, ते रिबेकानं वाचून दाखवलं: गाढ झोप कमी, मध्ये मध्ये हालचाल, सुधारणेला वाव.

"सुधारनाले वाव?" आबा म्हणाला. "मानी झोपले?"

इस्तेरबाई चुलीपुढून म्हणाली, "सातवीमा कितला मार्क व्हतात तुम्हले?"

"एकसष्ट."

"मंग उतरनात तुम्ही."

पोरगी हसत हसत सुरतेला गेली. आबा मात्र त्या अठ्ठावन्नात अडकला. चाळीस वर्षं ज्यानं लोकांच्या खाटा पास केल्या, तो स्वतः अठ्ठावन्नावर! दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम लवकर निजला. चौपन्न. संध्याकाळचा चहा तोडला. बावन्न. इस्तेरबाईनं दुधात जायफळ उगाळून दिलं, एकोणपन्नास. आकडा वाढावा म्हणून तो अंथरुणात हालचाल न करता, प्रेतासारखा ताठ पडू लागला. घड्याळ फसलं नाही.

गावात गोष्ट लपत नाही. सकाळी टपरीवर गेला की सुरू. "आबा, आज कितला?" "त्रेचाळीस." "अरे, मंग फेरपरीक्षा!" दोंडाईचा-शहादा बसचा कंडक्टर झुलाल तर तिकीट फाडता फाडता विचारायचा, "आबा, मार्क सांगा, मंग तिकीट." बस अख्खी हसायची. आबाही हसायचा, पण ते हसू दातांपर्यंतच यायचं. माघ लागला तोवर रात्रीची झोप चिमणीच्या पाण्याएवढी उरली होती, आणि दुपारची तर पार गेली.

दुपारची गेली म्हणजे धंदाच गेला की हो. विणायला हात होते. पास करायला माणूस नव्हता.

नेमक्या त्याच दिवसांत सुगराबीचा निरोप आला.

सुगराबी दोंडाईच्याची. तिचा नवरा फारुख पिंजारी, गाद्या-रजयांचा कारागीर. घराच्या पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, मागं मोठं अंगण, अंगणात लिंब. फारुखच्या भुवयांवर बाराही महिने कापूस. हिलालआबाची आणि त्याची जुनी ओळख. एक खाटेचा, एक गादीचा, दोघांचं गिऱ्हाईक एकच. सुगराबीची थोरली पोरगी अर्शी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

सुगराबीनं सागाची जुनी खाट अंगणात काढून ठेवली होती. दोरी कुजून गेली होती, सांगाडा मात्र लोखंडासारखा.

"हिलालभाई, मानी चारी बायतपनं याच खाटवर निंघनात," ती म्हणाली. "चारी येळे पहिले तुम्ही निजनात, मंग मी. एकदा बी पाठ दुखनी नही. अर्शीले बी तशीच करी द्या."

आबाला सांगायला तोंड होतं कुठं? तो "व्हय" म्हणाला. शुक्रवारी आणि शनिवारी त्यानं खाट विणली. सुंभ भिजवून, पिळून, चौकटीच्या ताणानं. विण अशी आली की फारुख मशीन बंद करून बघायला आला. शनिवारी दुपारी आबानं हातपाय धुतले, पायथ्याची दोरी सैल सोडली आणि आडवा झाला.

लिंबाची पानं मोजली. गावाबाहेर वाळायला टाकलेल्या मिरच्यांचा ठसका वाऱ्यावर आला, दोनदा शिंकला. कूस बदलली. डोळे घट्ट मिटले. मनगटावर घड्याळ होतंच. आता ते काय लिहीत असेल, याचा विचार आला, आणि तो विचार एकदा आला तो गेलाच नाही.

तासाभरानं सुगराबी चहा घेऊन आली. "झायी का झोप?"

"नही झायी."

सुगराबीनं कप तसाच खाली ठेवला. नेमानं उगवणाऱ्या सूर्याबद्दल कोणीतरी "आज नाही उगवला" म्हणावं, तसं तिचं तोंड झालं.

फारुख म्हणाला, "त्यामा काय इतलं? मी निजी देखाडस." आणि खरंच आडवा झाला, आणि बघता बघता घोरायला लागला. दोरी बसायच्या आतच आबानं त्याला हलवून उठवलं.

"फारुखभाई, तुम्हना निजनंवर मी गाठ मारू? खाट मानी शे. झोप बी मानीच पायजे."

"मंग निजा ना!"

"तेच तं व्हत नही!"

 झोळ पडलेली खाट, आणि तिच्यावर चाळीस दिवस पोराला पाजत बसणारी पहिलटकरीण. आबाला चिंधा गवळ्याची म्हातारी डोळ्यांपुढं दिसली, फक्त तोंड अर्शीचं. अर्शीला अजून आठ दिवस होते. आठ दिवसांत एक झोप. एवढंच हवं होतं.

रविवारी चर्चमध्ये आबा खांबाशेजारी बसला. दुसरं गीत संपलं. मान सरळच.

पाळक शांतवन त्या दिवशी उत्पत्तीवर बोलत होते. "मला सांगा," ते म्हणाले, "देवानं माणूस कधी केला? सहाव्या दिवशी. सगळं झाल्यावर, शेवटी. मग माणसाचा पहिला पुरा दिवस कोणता? सातवा. विसाव्याचा! बिचाऱ्या आदामानं अजून एक तण उपटलेलं नाही. हाताला माती लागलेली नाही. कसलं काम, कसली हजेरी! आणि देव म्हणतो, ये, बैस, आज सुट्टी. आपण काय समजतो? आधी राबायचं, मग लायक ठरलो तर विसावा मिळेल. देवाचं उलटं आहे. त्यानं आधी विसावा दिला, मग बाग दिली. विसावा ही मजुरी नाही, बाबांनो. ते देणं आहे."

आबानं हे सगळं ऐकलं. पाळकांच्या तोंडून शेवटपर्यंत ऐकलेलं हे त्याचं पहिलंच प्रवचन. उपासना सुटल्यावर दाराशी हात मिळवताना पाळकांनी त्याला बाजूला घेतलं.

"आबा, तब्येत बरी आहे ना? आज तुमचे डोळे उघडे होते. मला बोलताना धसका बसला."

आबानं सगळं सांगितलं. घड्याळ, अठ्ठावन्न, सुगराबी, खाट. पाळक हसले नाहीत, म्हणजे बराच वेळ हसले नाहीत.

"आबा, आपला प्रभू वादळात, हेलकावणाऱ्या तारवात, उशी घेऊन निजला होता. तुम्ही तर अंगणात, लिंबाखाली."

"खरं शे साहेब. पन त्यासना हातमा घड्याळ नव्हतं."

"मग तुम्हीही काढा की!"

इतकं साधं होतं होय! घरी येऊन आबानं घड्याळ काढलं आणि मिठाच्या डब्याशेजारी ठेवून दिलं. इस्तेरबाईनं त्याच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि "आमेन" म्हणाली.

त्याच संध्याकाळी दोंडाईच्याहून फोन आला. फारुख. आठ दिवस कसले, अर्शीला दुपारीच दवाखान्यात नेलं होतं आणि मुलगी झाली होती. आई-बाळ ठणठणीत. डॉक्टरांनी शुक्रवारी सोडतो म्हणून सांगितलं होतं. "हिलालभाई," फारुख म्हणाला, "मुबारक तं शेच. पन खाट?"

सोमवारी आबा नऊच्या बसनं निघाला. घड्याळाविना. मनगटावर पांढरा पट्टा राहिला होता, तो बघून झुलाल म्हणाला, "काय आबा, शाळा सोडी दिधी?" आबा खुशीत होता. आज निजणारच. दुपारी खाटेवर पडला आणि एक अजब गोष्ट त्याच्या ध्यानात आली. घड्याळ मनगटावरून निघालं होतं, डोक्यातून निघालं नव्हतं. आत कोणीतरी मास्तर पाटी घेऊन बसला होता आणि सारखा विचारत होता, आला का डोळा? आता? आता आला का?

मंगळवारी तेच. सुगराबीनं मशीन बंद ठेवायला लावलं, शेजारच्या पोरांना गल्लीबाहेर हाकललं, कोंबड्या डालल्या. अख्खी गल्ली आबाच्या झोपेसाठी पाय न वाजवता चालू लागली. एवढ्या शांततेत तर माणसाला स्वतःच्या पापण्यांचा आवाज येतो. आबा चार वाजता उठला आणि मुकाट्यानं बसस्टँडकडे चालू लागला. घरी इस्तेरबाईला म्हणाला, "मानी विद्या गयी वं. बापनी देयेल एकच विद्या व्हती."

"विद्या नही गयी," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "तुम्ही झोपले काम समजी लिधं. दिनभर खाट विनतस तशी आते झोप बी विनाले बसनात. कोनी विनी दिधी का कधी झोप?"

ती मागं वळली तोवर आबा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी हातात तशीच धरून बसला होता. खात नव्हता. पण विचार करत होता की नुसताच बसला होता, ते तिला कळलं नाही.

बुधवारी सकाळी अकराला तो अंगणात खाटेशेजारी उकिडवा बसून विणीवरचे सुंभाचे काटे खुडत होता, तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. आधी पिशव्या उतरल्या, मग सुगराबी, तिच्या हातात दुपट्यातलं गाठोडं, आणि मग फारुखच्या खांद्याला धरून अर्शी. डॉक्टरांनी दोन दिवस आधीच सोडलं होतं. दोघी बऱ्या आहेत, घरी न्या म्हणाले.

आबा ताडकन उभा राहिला. "अरे! शुक्रवार व्हता ना!"

"तिनी घरले आनानी जिद करी," सुगराबी म्हणाली. "वॉर्डमा तीन दिन डोयाले डोया नही लागना. शेजारनी बाई घोरस, तिनं पोरगं रडस, नर्स लाइट लावस."

अर्शीचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. ती सरळ खाटेकडे चालली.

आबा आडवा झाला, म्हणजे निजायला नव्हे, वाटेत. "बेटा, थांब. थांब जरासा. खाट पास नही झायी अजून. आजना दिन खाले गादीवर पड, मी काही ना काही करस."

"चाचा," अर्शी म्हणाली, "खाट नापास शे तं शे. माले उभं राहवत नही."

आणि पडली. सुगराबीनं घाईघाईनं रजई सारली, ती अर्धी अंगाखाली आली, अर्धी नाही. अर्शी काहीतरी आणखी सांगायला लागली होती, बाळाला कधी पाजायचं याबद्दल. वाक्य मधेच सुटलं. तोंड उघडं राहिलं. हात खाटेखाली लोंबला.

आबा श्वास धरून उभा. आता झोळ पडणार!

आधी दोरी बारीक कुरकुरली. कुर्र. मग थांबली. मग पुन्हा, लांबवर, डोक्याकडून पायथ्याकडे, एकामागून एक सगळे ताण सरकत गेले. जसा बैल गोठ्यात बसताना आधी पुढचे पाय, मग मागचे, मग एक लांब उसासा. आणि शांत. विण जागच्या जागी बसली. मध्ये झोळ नाही, कडेला ओढ नाही. पाण्यावर पान तरंगावं तशी पोरगी.

चाळीस वर्षांत आबानं हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. कसा ऐकेल? तो व्हायचा त्या वेळी तोच निजलेला असायचा!

तो वाकून खाटेखाली बघून आला. पुन्हा उभा राहिला. मग त्याला हसू फुटलं, आतून, पोटातून, दोन महिन्यांनी. झोप मानीच पायजे म्हणे! खाटेला त्याचं नाव विचारायचं नव्हतं. तिला फक्त कोणाचं तरी सगळं वजन हवं होतं. चाळीस वर्षं त्याला वाटत होतं की आपण निजतो म्हणून खाट पास होते, आणि इथं ही दमलेली पोर, न विचारता, न धुता, न गाठ मारता, आली आणि पास करून मोकळी झाली.

"काय झायं हसाले?" सुगराबी कुजबुजली.

"काही नही. मानी सुट्टी झायी."

"सुट्टी झायी तं हाई धरा," म्हणत तिनं दुपट्यातलं गाठोडं त्याच्या हातात दिलं. "मी तिले शिरा करी आनस. हाललात ना, तं उठी जाई. हालू नका."

आबा लिंबाखाली बसला. पाठीमागं फारुखचे पिंजलेल्या कापसाचे दोन गठ्ठे होते, त्यांना टेकला. पोर जागी होती. काळेभोर डोळे, कुठंच न बघणारे. तिनं एकदा तोंड वाकडं केलं, आबानं नुसता "हं" केला, आणि तिला ते पुरलं. मूठ सुटली. मान त्याच्या छातीवर कलंडली. एवढंसं अंग, एखाद्या वांग्याएवढं, पण जे होतं ते सगळं तिनं देऊन टाकलं. पोरीला अजून या जगात चार दिवससुद्धा झाले नव्हते. एक काम केलं नव्हतं. कोणाच्या उपयोगी पडली नव्हती. आणि काय निजली होती!

आदाम, आबाला वाटलं. हाताला माती नाही.

हालायचं नव्हतं. करायला काही नव्हतं. त्याच्या हातून काही व्हावं अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. पाठीला कापूस, छातीला ऊब. तो कशाबद्दल देवाचे आभार मानायला लागला, तेही त्याला नीट ठरवता आलं नाही. "हे प्रभू" इथपर्यंत आलं असावं.

सुगराबी शिरा घेऊन आली तेव्हा अंगणात तिघं निजलेले. आई खाटेवर, लेक आबाच्या छातीवर, आणि आबा कापसात मान घालून असा घोरत होता की डालाखालच्या कोंबड्या उत्तर देत होत्या. तिनं अलगद पोरीला काढून घेतलं. आबाचे हात तसेच, परडी धरल्यासारखे राहिले. फारुख आला, त्यानं बघितलं, आणि कोपऱ्यातली नवी उशी आणून आबाच्या मानेखाली सारली.

"गिऱ्हाईकनी शे ना ती?" सुगराबी म्हणाली.

"तपासी राह्यनू," फारुख म्हणाला. "पास झायी तं सांगसू."

आबाला जाग आली ती दुपार कलताना होणाऱ्या असरच्या अजाननं. ऊन लिंबावरून भिंतीवर गेलं होतं. गालावर कापूस चिकटलेला. आधी तो दचकला, हातात पोर नाही! सुगराबीनं दारातूनच मांडी दाखवली, पोर तिथं होती, मालिश करून घेत. फारुख, शेजारची बेबाबाई, रिक्षावाला, सगळे अंगणाच्या कडेला बसलेले, जसं काही सर्कशीचा खेळ सुटायची वाट बघतायत.

"चार तास, हिलालभाई!" फारुख म्हणाला. "मशीन चालू व्हतं. दोन गाद्या पिंज्यात मी. मिक्सर लाया. बेबाबाई भांडी आपटी गयी."

"मी मुद्दाम आपट्या," बेबाबाई म्हणाली. "माले वाटनं, गया का काय हाऊ बाबा."

आबा उठला, कापूस झटकला. सवयीनं पायथ्याशी गेला, दोरीला हात घातला. आता गाठ. चाळीस वर्षांत गाठ मारल्यावाचून तो कोणाच्या अंगणातून उठलेला नव्हता.

अर्शी अजून निजलेलीच होती. त्याच कुशीवर, हात तसाच लोंबलेला. फक्त तोंडाचा रंग परत आला होता. गाठ मारायची तर खाट हलणार.

आबानं दोरी सोडली.

"राहू दे," तो म्हणाला. "तिना मनवर उठू दे. आजना दिन खाटले काही व्हत नही. उद्या येसू, नही तं परवा येसू."

"काम अर्धं ठेईसन चालनात?" सुगराबीला खरंच वाटेना. "तुम्ही?"

"अर्धं कसानं? मानं जितलं व्हतं तितलं झायं." त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, शिऱ्याची वाटी उभ्या उभ्या संपवली, अर्शीच्या लोंबणाऱ्या हातावर रजईचं टोक ओढलं आणि निघाला. गल्लीच्या तोंडापर्यंत तो गीत गुणगुणत होता, तेही उपासनेतलं दुसरंच, ज्याच्या पुढचं त्याला त्या रविवारापर्यंत कधी ऐकू आलं नव्हतं.

पाचच्या बसला गर्दी नव्हती. आबा खिडकीशी बसला. झुलाल तिकीट द्यायला आला. आबानं मोरझिरी म्हणून सांगितलं, तिकीट मुठीत धरलं, आणि खिडकीच्या गजाला डोकं टेकवलं.

डोळे उघडले तेव्हा बस उभी होती, इंजिन बंद, आत कोणी नाही. बाहेर मोठं स्टँड, उसाच्या रसाची गाडी, दिवे नुकतेच लागलेले. मोरझिरीला दिवे एवढे नाहीत. आबा गडबडीनं खाली उतरला. झुलाल पायरीशी पाणी पीत होता.

"झुलाल! हाई कोनतं गाव?"

"शहादा."

"शहादा! तापी कव्हय उतरनूत?"

"कव्हयच. पुलवर गाडी भलती आदळनी. तुम्हले काही नही."

"अरे मंग माले मोरझिरीले उठाडं काबर नही?"

झुलालनं बाटलीचं झाकण लावलं. "आबा, दोन महिना झायात, बठ्ठा रस्ता तुमना मार्क इचारी राह्यना. आज तुम्ही अशा निजनात का ड्रायव्हर बी हळू चालना. मी उठाडाले उनू व्हतू मोरझिरीले. तीन बाया माना अंगवर धाई उन्यात. म्हने, खबरदार हात लावशी तं!"

परतीची बस अर्ध्या तासानं होती. आबा बाकावर बसला, रसाचा ग्लास घेतला. तेवढ्यात फोन वाजला. इस्तेरबाई. आवाज चढलेला, म्हणजे काळजीचा.

"कोठे शेतस तुम्ही? सात वाजी ऱ्हायनात! पाचनी गाडी तं कव्हयच गयी!"

"शहादाले शे."

"शहादाले?" तिचा आवाज आणखी चढला. "शहादाले काय काम काढं?"

आबानं रसाचा एक घोट घेतला.

"काही काम नही," तो म्हणाला. "निजाले उनू व्हतू."

 पलीकडून हसू आलं. इस्तेरबाईचं, सगळं, दोन्ही हातांनी पोट धरून हसताना येतं तसलं. आणि मागून शेजारणींचं, "काय झायं वं, काय झायं" असं विचारत विचारतच हसायला लागलेल्यांचं. आबा फोन कानापासून जरा लांब धरून बसला, म्हणजे झुलाललाही ऐकू जाईल.